चीअरलीडिंगचे म्युझिकल आणि लहान रंगमंच : या चुका टाळा

तांत्रिक तालमीच्या दिवशी आमच्या नाटकातील चौदा वर्षांची मुलगी दोन मैत्रिणींच्या हातांवर, त्यांच्या खांद्यांच्या उंचीला उभी राहिली, तिने ठरल्याप्रमाणे दोन्ही हात वर फेकले आणि तिची बोटे वर टांगलेल्या दिव्याच्या तापलेल्या डब्याला लागली. फारसे भाजले नाही. परंतु महिनाभर आम्ही उंच छताच्या एका सभागृहात तालमी करत होतो आणि नाट्यगृहातील लाइटचा बार जमिनीपासून किती उंच आहे हे कोणीही टेप लावून मोजलेले नव्हते, ही गोष्ट त्या क्षणी सगळ्यांच्या ध्यानात आली.

हे नाट्यगृह न्यू जर्सीतील, जेमतेम नव्वद खुर्च्यांचे, पहिल्या रांगेत बसलेल्याचे पाय रंगमंचाला टेकतील इतके लहान. नाटक होते ‘ब्रिंग इट ऑन’ हे चीअरलीडिंगवरचे, म्हणजे घोषणा, ठेक्यावरच्या हालचाली आणि माणसांचे मनोरे यांनी संघाला चेव आणण्याच्या प्रकारावरचे म्युझिकल, कलाकार बारा ते अठरा वयोगटातील, आणि मी मुलीला सोडायला गेलो असता रंगमंच व्यवस्थापकाचा मदतनीस होऊन बसलेला एक पालक. इकडे स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांतील मुले अशा उन्हाळी प्रयोगांत भाग घेतात आणि त्यांचे पालक नकळत विंगेत ओढले जातात. त्यांना आमच्या चुका उपयोगी पडाव्यात म्हणून हे टिपण.

ब्रॉडवेची उंची लहान मंचावर आणणे

बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. मुले इंटरनेटवर मूळ प्रयोगाच्या चित्रफिती पाहून येतात आणि दिग्दर्शकालाही तसेच काहीतरी हवेसे वाटते. हे नाटक २०१२ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, सेंट जेम्स थिएटरमध्ये झाले, तेथे सुमारे सतराशे आसने आहेत, आणि त्या संचात स्पर्धांमधून आलेले कसलेले चीअरलीडर होते. सज्जाच्या शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला काही दिसावे म्हणून तेथे माणसे हवेत उडवावी लागतात. सहा फुटांवर बसलेल्या प्रेक्षकाला मात्र मुलीच्या कपाळावरचा घामही दिसतो, आणि ती घाबरलेली असेल तर तेही दिसते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडावा. खाली उभी राहून भार घेणारी मुलगी, जिला ‘बेस’ म्हणतात, ती पाच फूट चार इंचांची असेल तर तिचा खांदा साधारण साडेचार फुटांवर येतो. त्या उंचीवर पाच फुटांची ‘फ्लायर’, म्हणजे वर उचलली जाणारी मुलगी, उभी केली की तिचे डोके साडेनऊ फुटांवर जाते आणि हात वर केले तर अकरा फूट सहज लागतात. बेसनी हात पूर्ण ताठ करून तिला डोक्यावर धरले, तर फ्लायरचे हात तेरा फुटांच्या आसपास पोहोचतात. आमचा बार बारा फुटांवर होता आणि त्याखाली दिवे दीड फूट लोंबत होते. म्हणजे मोकळी उंची साडेदहा फूट. हे गणित पाचवीतल्या मुलाने सोडवले असते. आम्ही ते पाचव्या आठवड्यात सोडवले.

उपाय म्हणून डोक्यावरचे सगळे उचल काढून टाकले आणि मांडीवर उभे राहणे, कमरेच्या उंचीची बैठक आणि एकच खांद्याच्या उंचीचा उचल, तोही दोन दिव्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एवढेच ठेवले. दिग्दर्शिका हिरमुसली. प्रयोगानंतर उंची कमी पडली असे एकाही प्रेक्षकाने म्हटले नाही. सोळा हात एका मात्रेवर थांबतात तेव्हा अंगावर काटा येतो, असे मात्र दोघांनी सांगितले. हवेत फेकून झेलण्याचा ‘बास्केट टॉस’ तर विचारातही घेऊ नये. अमेरिकी शाळांच्या नियमांनुसार तो कठीण जमिनीवर करताच येत नाही, मॅट किंवा गवत लागते, आणि मनोरा दोन माणसांहून उंच रचता येत नाही. नाट्यगृहाला हे नियम लागू नसले तरी लाकडी फळ्यांना काही ते ठाऊक नसते.

सर्वांत हलकी मुलगी वर, हा निकष

पात्रनिवडीच्या दिवशी सर्वांत किरकोळ मुलीकडे बोट दाखवून ‘ही फ्लायर’ असे म्हणणे सोपे असते. त्यातून दोन अनर्थ होतात. एक म्हणजे, वजनावरून निवड झाली हे मुलांना लगेच कळते आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुली जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता परत नेऊ लागतात. दुसरे म्हणजे, हलकी मुलगी स्थिर असतेच असे नाही. फ्लायरचे खरे काम अंग ताठ ठेवणे आणि तोल गेला तरी कमरेत न वाकणे हे आहे. शरीर सैल सोडणारी हलकी मुलगी ताठ राहणाऱ्या जड मुलीपेक्षा उचलायला अवघड जाते. आम्ही नंतर प्रत्येकीला जमिनीवर पाय जुळवून ताठ उभे केले, दोघींनी तिला कोपराखाली धरून इंचभर उचलायचे आणि ती किती स्थिर राहते ते पाहायचे, असा साधा निकष ठेवला. पहिली निवड बदलावी लागली.

आई-वडिलांचा हट्ट हा वेगळाच विषय. आपली मुलगी वरच हवी असे वाटणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला खरे तर हे सांगावे लागू नये. वरच्या एक्क्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत असले तरी हंडी फुटते ती तळाच्या थराच्या खांद्यांवर, आणि गोविंदा पथके गुरुपौर्णिमेपासून सरावाला लागतात तो प्रामुख्याने तळ घट्ट करण्यासाठी. आपल्याकडे चौदा वर्षांखालील मुलांना थरांत चढवायला मनाई झाली ती कशामुळे, हे इथल्या पालकांच्या सभेत सांगितले तेव्हा कुजबुज थांबली. बेसच्या मागे उभी राहून फ्लायरचे घोटे धरणारी आणि ती पडली तर डोके व खांदे सांभाळणारी ‘बॅक स्पॉट’ ही संचातील सर्वांत शांत डोक्याची मुलगी असावी. ती निवड आम्ही शेवटी केली. ती सर्वांत आधी करायला हवी होती.

ध्वनिमुद्रित संगीत थांबत नाही, हे विसरणे

नव्वद खुर्च्यांच्या नाट्यगृहात वादक बसवायला जागा नसते, त्यामुळे परवानगीने मिळालेल्या ध्वनिमुद्रित संगीतावर प्रयोग होतो. जिवंत वादक असतील तर फ्लायर खाली येईपर्यंत ते एक आवर्तन पुन्हा वाजवू शकतात. ट्रॅक तसे करत नाही. चीअरलीडिंगमध्ये सगळे आठ मात्रांत मोजले जाते. उचल एक-दोनवर वाकून तीन-चारवर सुरू व्हायचा असेल आणि तिसऱ्या मात्रेला एकीची पकड बसली नाही, तर उरलेल्या मुली घाईघाईत उचलतात आणि नेमक्या तेव्हाच पडतात. आमच्या दोन्ही पडझडी अशाच घाईत झाल्या.

यावर एक उपाय हमखास चालतो. प्रत्येक उचलाआधी आठ मात्रा मोकळ्या ठेवाव्यात, ज्यांत बाकीचा संच हातांच्या हालचाली करत राहतो आणि उचलणारा गट नुसता जागेवर येऊन पकड घेतो. त्याशिवाय बॅक स्पॉटला एक शब्द द्यावा; तिने ‘डाउन’ म्हटले की कारण न विचारता फ्लायर खाली आणायची आणि सर्वांनी जमिनीवरची पर्यायी हालचाल करायची. ही पर्यायी हालचाल मूळ हालचालीइतकीच घोटलेली हवी. तापाने एखादी बेस आली नाही तर तीच आवृत्ती पूर्ण प्रयोगभर वापरता येते, आणि फेब्रुवारीत प्रयोग असेल तर ती वापरावी लागतेच.

प्रकाशयोजनाकाराला तालमीला लवकर बोलवावे. आमच्याकडे गाणे संपताच पूर्ण अंधार होत असे आणि फ्लायर अजून वरच असे. कोणीही हवेत असताना अंधार करायचा नाही, एवढे एक वाक्य त्याच्या प्रतीवर लाल शाईने लिहिले.

घोषणा घशातून देणे

चीअरमध्ये ओरडायचे असते आणि म्युझिकलमध्ये गायचे असते. एकच पंधरा वर्षांचा गळा दोन्ही कामे शनिवारी दुपारी आणि पुन्हा संध्याकाळी करतो. घोषणा घशातून दिली की स्वरतंतू सुजतात आणि दुसऱ्या प्रयोगाला वरचे स्वर लागत नाहीत. घोषणेचा स्वर गाण्यापेक्षा खालचा, शब्द आखूड आणि व्यंजने धारदार ठेवली की कमी आवाजातही ती शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते, आणि आपल्या नाट्यगृहात ती शेवटची खुर्ची चाळीस फुटांवरच असते. तालमीत पूर्ण आवाज रोज लावू नये. ज्या मुलांचा आवाज फुटत आहे त्यांना सूर बदलून देता येतो का, हे संगीत मार्गदर्शकाला आधीच विचारावे. आणखी एक, भार पेलताना माणूस श्वास रोखतो, म्हणून उचलणाऱ्या मुलीला त्याच ओळीत एकल गाणे देऊ नये.

माइकबद्दल थोडेसे. कमरेला बांधलेला ट्रान्समीटर झेलताना बेसच्या हाताला आणि फ्लायरच्या पाठीला लागतो. आम्ही फ्लायरना माइक दिलेच नाहीत. जमिनीवर ठेवलेले माइक पायांचा दणदणाट उचलतात, तेव्हा ते मंचाच्या फळीवर न ठेवता पुढे स्वतंत्र आधारावर ठेवावेत. पॉमपॉम, म्हणजे हातात धरायचे चकचकीत झुपके, नवे असतात तेव्हा चपटे दिसतात, त्यांची एकेक पट्टी सोडवून चुरगळून फुलवावी लागते, आणि त्यांच्या गळणाऱ्या चकचकीत पट्ट्यांवरून पाय सटकतो, म्हणून मध्यंतरात झाडू हवाच. केसांचा स्प्रे मंचावर मारू दिला तर फरशी काचेसारखी होते.

दोन्ही शाळांना एकसारखे नाचवणे

या नाटकात नायिका ट्रुमन शाळेतून जॅक्सन शाळेत जाते आणि तेथे चीअरचे पथक नसून नाचणारा गट असतो. गोष्टीचा सारा डोलारा या फरकावर उभा आहे. आम्ही वेळ वाचवण्यासाठी दोन्ही गटांना तीच ताठ हाताची हालचाल शिकवली आणि तिसऱ्या तालमीला कथाच कळेनाशी झाली. चीअरमध्ये कोपर ताठ आणि मूठ बंद असते. रस्त्यावरच्या नाचात गुडघे सैल आणि वजन जमिनीकडे असते. दोन गटांच्या तालमी वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या शिक्षकांकडे घ्याव्यात.

संहितेतील एखादा शब्द बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी नको वाटला तर तो गुपचूप बदलण्याचा मोह होतो. या नाटकाचे प्रयोगहक्क एमटीआय ही संस्था देते आणि लेखी परवानगीवाचून संहिता बदलता येत नाही, चित्रीकरणही करता येत नाही. पुण्यातल्या आजीला पाठवायला म्हणून मोबाइल उंचावणाऱ्या आपल्या मंडळींना हे दारातच, गोड शब्दांत सांगावे.

डोक्याला लागले तरी ‘काही नाही’ म्हणणे

पडलेले मूल नेहमी ‘मी ठीक आहे’ असेच म्हणते. शालेय खेळांसाठी अमेरिकेतील प्रत्येक राज्यात कायदे आहेत. डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर खेळाडूला त्या दिवशी खेळातून बाहेर काढायचे आणि डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय परत घ्यायचे नाही, असा त्यांचा गाभा आहे. हौशी नाट्यगृह त्यांच्या कक्षेत येत नाही, म्हणून तोच नियम आपण आपल्याला लावून घ्यावा, तो पालकांच्या संमतिपत्रात लिहावा आणि तो पाळण्याचा अधिकार दिग्दर्शकाकडे नव्हे तर रंगमंच व्यवस्थापकाकडे द्यावा, कारण दिग्दर्शकाला संध्याकाळी प्रयोग करायचा असतो.

तलवारबाजीचा प्रसंग असलेल्या नाटकात प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी तो प्रसंग रोज एकदा करून पाहतात. उचलांसाठीही तेच करावे. आधी निम्म्या गतीने, मग पूर्ण गतीने, त्याच बुटांत, त्याच दिव्यांखाली. आम्ही पहिल्या प्रयोगाला हे केले नाही, दुसऱ्यापासून केले. शेवटच्या शनिवारी तिकिटांच्या रांगेतून दार उघडण्याची घाई सुरू झाली होती, तरी व्यवस्थापिकेने हात दाराच्या कडीवर ठेवून विचारले, ‘मनगट कोणाचे दुखते आहे?’ एका बेसने हात वर केला, आणि त्या दुपारी आम्ही जमिनीवरची आवृत्ती केली.