डॉमिनिकन रिपब्लिकला जाताय? टिप कुणाला, किती आणि कुठं अजिबात नाही, बेळगावकरांसाठी

पहिल्यांदा बिल वाचायला शिका, निम्मा घोळ तिथंच होतोय. सांतो दोमिंगोत, म्हणजे त्यांच्या राजधानीत, जरा बऱ्यापैकी रेस्टॉरंटात मेनूकार्डावरचं १००० पेसोचं जेवलात की हातात बिल येतंय १२८० चं, आणि आपला माणूस तिथंच थबकतो. त्यातले १८० म्हणजे त्यांचा टॅक्स, इतबिस म्हणतात त्याला, १८ टक्के. आपल्याकडं हॉटेलात ५ टक्के जीएसटी द्यायची सवय, त्यामुळं ते जड वाटणारच. उरलेले १०० ही टिप, बिलावर 'प्रोपिना लेगाल' असं छापलेलं असतंय. दोन्ही मूळ रकमेवर लागतात, टॅक्सवर परत टिप नाही. काही ठिकाणी मेनूतल्या किमतीतच हे सगळं धरलेलं असतंय, काही ठिकाणी नसतंय, तळाला बारीक अक्षरात लिहितात ते ऑर्डर द्यायच्या आधी बघायचं.

आता आपल्याकडं काय झालंय, २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की सर्विस चार्ज बिलात आपोआप घालायचा नाही, २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच उचलून धरलं, त्यामुळं बिलावर तसलं काय दिसलं की आपली मंडळी बोट ठेवून 'हे काढा' म्हणतात. इथं बरोबरच आहे ते. पण तिकडं जाऊन तसं करू नका, कारण तिथं उलटा कायदा आहे. त्यांचा १९९२ चा कामगार कायदा आहे, त्यातल्या २२८ व्या कलमात स्पष्ट आहे की जिथं गिऱ्हाईक जागेवर बसून खातंय-पितंय तिथं मालकानं १० टक्के लावायचेच आणि ते कामगारांत वाटायचे. मी पुंता कानात, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या रिसॉर्टच्या भागात, एका निपाणीकर मामांना मॅनेजरबरोबर हुज्जत घालताना बघितलंय, शेवटी त्यांची सूनच म्हणाली, "मामा, हा त्यांचा कायदा आहे, तो बिचारा तरी काय करणार, द्या की." हां, 'जागेवर बसून' हे मात्र लक्षात ठेवा, पार्सल घेतलं तर ते १० टक्के लागायला नकोत, तिथं विचारायला काहीच हरकत नाही.

आणि एक, किमतीपुढं डॉलरसारखी खूण दिसली म्हणून दचकू नका, पेसोलाही तीच खूण वापरतात, आर डी लावून नाहीतर न लावता. १ डॉलरला साधारण ६० पेसो, म्हणजे १ पेसो आपल्या सव्वा ते दीड रुपयाच्या मध्ये कुठंतरी. टुरिस्ट भागात खरोखरचे डॉलरही लिहितात, तिथं विचारून घ्यायचं.

आता कायद्याचे १० टक्के दिले, पुढं काय. इथं सगळ्यांत जास्त मतभेद आहेत आणि त्याचं कारण एवढंच की एकाच देशात तीन तऱ्हेची माणसं तीन हिशोबानं टिप देत्यात. तिथला लोकल माणूस म्हणतो १० टक्के लागले की विषय संपला, फार तर सुट्टे पैसे टेबलावर ठेवून उठायचं, आपण इथं बडीशेपच्या वाटीत दहाची नोट ठेवून उठतो तसं. सर्विस एकदम मनासारखी झाली किंवा ओळखीचा वेटर असला तर मात्र तोही हात सैल सोडतो, लोकल माणूस टिप देत नाही हा टुरिस्टांचा गैरसमज आहे. दुसरे म्हणजे बाहेरनं येऊन तिथंच राहणारे, लास तेरेनासकडं फ्रेंच आणि इटालियन बरेच, कबारेते-सोसुआकडं कॅनडा-जर्मनी सगळीकडचे. हे लोक वर अजून ५ टक्के, फार तर १० टक्के देतात आणि ते रोख, वेटरच्या हातात. तिसरे टुरिस्ट. २०२३ मध्ये एका वर्षात १ कोटीच्या वर माणूस त्या देशात आला, त्यात अमेरिकेचे खूप, आणि त्यांना घरी १८-२० टक्के द्यायची सवय, ते बिलातले १० टक्के बघतच नाहीत आणि वर परत २० देऊन मोकळे.

मग तिथं राहणारे परदेशी लोक कायम कुरकुरत असतात की हे टुरिस्ट येऊन रेट बिघडवतात. मला ते फारसं पटत नाही. बिघडतंय ते टॅक्सीवाल्याचं भाडं, नाही असं नाही, पण रिसॉर्टात खोली झाडणाऱ्या बाईला कुणी २ डॉलर जास्त दिले म्हणून यांचं काय जातंय? स्वस्तात राहायचं म्हणून तिथं जायचं आणि तिथल्या कामगाराला चार पैसे जास्त मिळाले की पोटात दुखायचं, असं आहे ते. आपण कुठल्या रांगेत बसतो ते ओळखून द्यायचं, बास.

आपल्याकडनं जाणारे ढोबळमानानं तीन प्रकारचे आहेत. एक म्हणजे टिळकवाडी-शहापूरचे आईवडील, पोरगा न्यू जर्सीत, ते अमेरिकेच्या व्हिसावरच चार दिवस पुंता कानाला जाऊन येतात, कारण चालू अमेरिकन व्हिसा असला की तिथला वेगळा टुरिस्ट व्हिसा लागत नाही. दुसरे उद्यमबागेतल्या कारखान्यांतनं मशीन बसवायला नाहीतर कंपनीच्या कामाला जाऊन काही महिने राहणारे. तिसरी खानापूर-चंदगडकडची क्रूझवर कामाला असलेली पोरं, जहाज पुएर्तो प्लाताला लागलं की उतरणारी. ह्या पोरांना टिपचं काय शिकवायचं, त्यांचा अर्धा संसार त्याच्यावर चालतो. बाकी दोघांसाठी लिहितो.

रिसॉर्टवाल्यांनी. ऑल-इन्क्लुजिव्ह म्हणजे टिपसकट सगळं भरलंय असं बुकिंगवाले सांगतात, आणि कागदावर ते खरंही असतंय, तुम्ही एक पैसाही न देता आठवडा काढलात तरी कोण काय बोलणार नाही. पण पगार कमी असतात आणि देणारे देत असतात. खोली आवरणाऱ्या बाईला रोज १ ते ३ डॉलर, उशीवर ठेवायचे आणि शेजारी 'ग्रासियास' म्हणजे थँक्यू लिहिलेली चिठ्ठी, नाहीतर तुमचेच पैसे राहिलेत समजून ती हात लावत नाही. रोजच्या रोज ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण त्या दिवशी ड्युटीवर दुसरीच असली की आठवडाभर राबलेलीला काहीच नाही. बॅगा उचलणाऱ्याला बॅगेमागं एक डॉलर धरा. बारवर दर ग्लासाला डॉलर टाकणारे असतात, त्याची काही गरज नाही, सुरुवातीला एकदा दिला आणि निघताना एकदा दिला तरी बास होतंय. जे लिंबू सरबतच पिणार आहेत त्यांनीही द्यावा, सरबत करायलाही हात लागतोच की. आणि शाकाहारी असाल तर किचनमधल्या ज्या माणसानं तुमच्यासाठी वेगळा भात-बीन्स काढून दिला, मांसाचा चमचा त्यात घातला नाही, त्याला शोधून द्या, तो माणूस पाचही दिवस तुमचं नाव लक्षात ठेवतोय.

सहलीला गेलात, सावोना बेटावर किंवा जानेवारी ते मार्चमध्ये समानाला देवमासे बघायला, तर गाईडला माणशी ५ डॉलरच्या आसपास आणि बोटवाल्याचं वेगळं. दामाहाग्वाच्या धबधब्यांवर, पुएर्तो प्लाताजवळ, गाईड तुम्हाला अक्षरशः हात धरून खडकावरनं वर ओढत नेतो, तिथं काटकसर करू नका. पैसे मात्र ओले होणार नाहीत असं प्लास्टिक घेऊन जा, खाली आल्यावर द्यायचे असतात आणि तेव्हा सगळ्यांचं पाकीट गाडीत.

डॉलर देणार असाल तर नोटाच द्या, नाणी नको. बँक परदेशी नाणी बदलून देत नाही, तुमचे ते क्वार्टर त्या पोराच्या काय कामाचे. फाटकी, चिकटपट्टीवाली, पेनानं लिहिलेली नोटही चालत नाही. निघायच्या आधी एकेक डॉलरच्या कोऱ्या नोटा अमेरिकेतल्या आपल्या पोराला बँकेतनं आणून ठेवायला सांगा. नाहीतर सरळ पेसो द्या, १०० ची नोट सगळ्यांना चालते.

आता राहणाऱ्यांचं, आणि हे जास्त कामाचं आहे, कारण इथं रेस्टॉरंट बाजूला राहतंय आणि रोजचीच माणसं समोर येत्यात.

सुपरमार्केटात काउंटरच्या टोकाला एक पोरगा पिशव्या भरत असतो, बऱ्याचदा कॉलेजला जाणारा, आणि न विचारता ट्रॉली ढकलत गाडीपर्यंत येतोय. ही दुकानाची फुकट सर्विस समजून गाडीचं दार लावून घेऊ नका. त्याला २५ ते ५० पेसो, सामान जास्त असलं तर १००. चार पिशव्या स्वतःच उचलणार असाल तर आधीच हसून 'नो, ग्रासियास' म्हणायचं, त्याला राग येत नाही.

कोलमादो म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, फोन किंवा व्हॉट्सअॅप केलं की पोरगा मोटरसायकलवर बर्फ, अंडी, तांदूळ, काय म्हणाल ते घेऊन दारात. ऑर्डर देतानाच सांगायचं की माझ्याकडं हजारची नोट आहे, तेवढी मोड पाठवा. हे नाही सांगितलं की पोराकडं सुट्टे नसतात, मग तो परत जाणार, परत येणार, आणि तुम्ही वैतागून नाहीतर लाजून सगळंच देऊन बसणार. मोड बरोबर असली की त्यातलं २५ चं नाणं किंवा ५० ची नोट त्याच्या हातात. पाण्याचा मोठा जार तिसऱ्या मजल्यावर चढवून आणला असेल तर ५० च्या खाली जाऊ नका, लिफ्ट असली तर गोष्ट वेगळी.

पार्किंगमध्ये रुमाल हलवत 'या या, मागं घ्या' करणारे असतात, त्यांना निघताना २५-५०. येतानाच मागितले तर निघताना देतो म्हणायचं. बायकांसाठी, सालोनमध्ये केस धुणारी पोरगी वेगळी आणि सेट करणारी वेगळी असते, दोघींचं वेगळं द्यावं लागतंय, धुणारीला ५०-१००, दुसरीला बिलाच्या १० टक्के. ती धुणारीच बहुतेक वेळा विसरली जाते.

टिप कुठं नाही तेही सांगतो. ग्वाग्वा म्हणजे त्यांची वडाप, कोंचो म्हणजे शेअर कार, मोतोकोंचो म्हणजे मोटरसायकलवरची सवारी, ह्यात कुठंच टिप नाही, ठरलेलं भाडं आणि उतरा. मोटरसायकलवाल्याचं भाडं बसायच्या आधी ठरवा. मेट्रोत तर प्रश्नच नाही. रस्त्यावरच्या टॅक्सीचंही भाडं आधीच ठरवतात, त्यात त्यानं स्वतःचं पाहिलेलं असतंय, बॅगा उचलल्या तर वरचे सुट्टे सोडायचे. उबरला राऊंड करून दिलं तरी पुष्कळ. दुपारी कोमेदोरमध्ये, म्हणजे आपली खानावळच, भात-बीन्स-मटण खाल्लं तर लोकल माणूस काहीच ठेवत नाही किंवा सुट्टे ठेवतो, रस्त्यावरच्या गाड्यावर तर अजिबात नाही.

आणि पोलीस. रस्त्यात गाडी थांबवून 'रेफ्रेस्को'साठी, म्हणजे थंड पेयासाठी, काहीतरी मागणारा भेटू शकतो, आपल्याकडच्या चहापाण्यासारखं. ती टिप नव्हे, हे वेगळं सांगायला नको. चूक केली असेल तर पावती मागा, नसेल तर शांतपणे कागद दाखवत राहा, आवाज चढवू नका.

डिसेंबरचं बजेट वेगळं काढून ठेवा. त्या देशात सगळ्या कामगारांना २० डिसेंबरच्या आत जादा पगार द्यायचा कायदा आहे, वर्षभरात मिळालेल्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे पूर्ण वर्ष काम केलेल्याला एक महिन्याचा. घरी कामाला मावशी ठेवल्या असतील तर त्यांनाही तो लागू आहे, आणि ती टिप नाही, देणं आहे, दिलं म्हणून उपकार केल्यासारखं तोंड करायचं नाही. बिल्डिंगचा वॉचमन, कचरा नेणारे, तो जार चढवणारा पोरगा, ह्यांना मात्र आपण दिवाळीला पोस्त देतो तसं पाकिटात काहीतरी घालून द्यायची पद्धत. वॉचमनला ५०० ते १००० पेसो, बिल्डिंग किती मोठी आणि तो तुमच्यासाठी किती धावतो त्यावर. शेजारी काय देणारेत ते आधी विचारून घ्या, तिथले लोक ह्या गोष्टी मोकळेपणानं सांगतात.

परत येताना खिशात पेसो उरले तर ते बेळगावला आणून काय करणार, इथं कोण बदलून देणार. एअरपोर्टवर बॅगा ट्रॉलीवर चढवणारे हमाल असतात, १०० पेसो किंवा दोन डॉलर त्यांचा सर्वसाधारण हिशोब, उरलेलं सगळं त्यालाच देऊन टाका आणि चेक-इनला जावा.