नवीन स्कूटरचं इंजिन रन-इन कसं करायचं

नवीन इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला अजून नीट बसलेल्या नसतात, म्हणून पहिले काही शे किलोमीटर (हाच रन-इनचा काळ, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा) फुल थ्रॉटल नको. पण म्हणून एकाच स्पीडला रखडत चालवायची असंही नाही, उलट स्पीड कमीजास्त करत राहा, थोडं उचला मग थ्रॉटल सोडा, रिंगांवर लोड आला-गेला की त्या चांगल्या बसतात. सुरू केल्या केल्या थ्रॉटल पिळू नका.

पहिलं ऑइल वेळेवर बदला, त्यात धातूचा बारीक चुरा असतो.

हायवेला सलग पळवायची तर रन-इन झाल्यावरच, आणि तेव्हाही टॉप स्पीडच्या थोडं खाली, छोटं एअरकूल्ड (हवेने थंड होणारं) इंजिन लवकर तापतं, चढावर तर फारच.