पावसाळ्यात कोर्ट बंद असताना कोचनं शिकायचं कसं

आमच्या सांगलीकडच्या क्लबात टेनिसची मातीची दोन कोर्टं आहेत. जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला की ती बंद होतात आणि पुन्हा रोलर फिरून चुन्याच्या रेषा पडेपर्यंत दसरा येतो. मुलं नाहीत, म्हणजे फीही नाही. पूर्वी हे महिने मी रॅकेटांचं गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा नव्यानं ओवण्याचं काम, करण्यात आणि इतर कोचना नावं ठेवण्यात घालवायचो. गेली नऊ वर्षं त्याच दिवसांत शिकतो. कसं, ते लिहितो, कारण माझ्यासारखे कोच प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

माझ्यासारखे म्हणजे अकराव्या वर्षी बॉलबॉय आणि सतराव्या वर्षी मार्कर झालेले. मेंबरांना खेळवायचं, बॉल गोळा करायचे, संध्याकाळी कोर्टावर पाणी मारायचं. मग एका एप्रिलमध्ये सेक्रेटरीसाहेबांनी सुट्टीतली सहा मुलं पुढ्यात उभी केली आणि म्हणाले, "यांना जरा शिकव." झालो कोच. मला जसं शिकवलं होतं तसंच मी शिकवत गेलो, शिव्या तेवढ्या वगळून.

आधी मोजा, मग फॉर्म भरा

कोणत्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी एक काम करा. फोन कुंपणाच्या जाळीला बांधा आणि आपली एक तासाची बॅच पूर्ण शूट करा. पालकांना आधी विचारा. काम झालं की व्हिडिओ पुसून टाका, ग्रुपवर टाकायचा नाही. मुलं पाच मिनिटं कॅमेऱ्याकडं बघतात आणि विसरतात. आपण विसरत नाही, पोट आत घेऊन उभे राहतो. म्हणून तीन दिवस सलग शूट करा आणि तिसऱ्या दिवसाचंच बघा.

बघताना वही घ्या आणि तीन गोष्टी मोजा. एका मुलानं तासाभरात किती बॉल मारले, मी किती मिनिटं बोललो, आणि बोललो ते नेमकं काय.

माझा पहिला व्हिडिओ असा होता: आठ मुलं, एक रांग, आणि मी बास्केट घेऊन नेटपाशी. रांगेतल्या शेवटच्या मुलीनं ६० मिनिटांत ३१ बॉल मारले. मी २३ मिनिटं बोललो होतो. "गुड" किती वेळा म्हणालो ते पन्नासनंतर मोजायचं सोडलं, त्यातल्या कितीतरी वेळा बॉल नेटमध्ये गेलेला होता. ती मुलगी रांगेत उभी राहून रॅकेटच्या टोकानं मातीत फुलं काढत होती. तिच्या वडिलांकडून मी दर महिन्याला पैसे घेत होतो. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पण त्यातून एक प्रश्न हातात आला: आठ मुलं, एक कोर्ट, रांग न लावता कशी खेळवायची? त्याआधी मी एका कार्यशाळेला जाऊन आलो होतो. पिशवी मिळाली, टोपी मिळाली, प्रमाणपत्र मिळालं, डोक्यात काही उतरलं नाही. दोष शिकवणाऱ्यांचा नव्हता. मी प्रश्नच घेऊन गेलो नव्हतो.

माझ्या तीन पावसाळ्यांचे प्रश्न

रांगेच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापर्यंत दहा वर्षं उशिरा आलं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं, म्हणजे आयटीएफनं, 'प्ले अँड स्टे' ही मोहीम २००७ मध्येच सुरू केली होती. त्यात तीन रंगांचे बॉल आहेत. नेहमीच्या पिवळ्या बॉलच्या मानानं लाल बॉल सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के. २०१२ पासून तर दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेत नेहमीचा पिवळा बॉल वापरायचा नाही, असा नियमच आहे. मी मात्र सात वर्षांच्या पोरांना पिवळा बॉल देऊन "वाक, गुडघा वाक" ओरडत होतो. बॉल त्यांच्या डोक्यावरून जात होता, ती वाकणार कुठं?

करायचं असं. पूर्ण कोर्टाची रुंदी १०.९७ मीटर आहे, आणि लाल बॉलच्या कोर्टाची लांबी साधारण तेवढीच लागते. म्हणजे मोठ्या कोर्टावर आडवी चार छोटी कोर्टं बसतात, नेटच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन. मधलं नेट ८० सेंटिमीटरचं. त्यासाठी काही विकत आणायची गरज नाही. दोन खुर्च्यांना दोरी बांधून त्यावर बायकोची जुनी साडी टाकली, आठ वर्षं तीच चालली आहे. आठ मुलं, चार कोर्टं, रांग नाही. पुढच्या मोजणीत त्याच मुलीचे दोनशेच्या वर बॉल झाले आणि बहुतेक तिच्या मैत्रिणीनं मारलेले, माझ्या बास्केटमधले नव्हेत.

दुसऱ्या पावसाळ्याचा प्रश्न माझ्या बोलण्याचा होता. माझी सगळी वाक्यं मुलांच्या अवयवांवर होती: मनगट घट्ट, कोपर आत, खांदा वळव. सूचना शरीरावर देण्यापेक्षा बॉलचं पुढं काय व्हायला हवं त्यावर दिल्या तर हालचाल बहुधा जास्त सहज होते, हे गाब्रिएले वुल्फ या संशोधक बाईंनी आणि इतरांनी अनेक प्रयोगांत दाखवलंय. कोर्टावर याचा अर्थ साधा आहे. "मनगट वळवू नकोस" याऐवजी "बॉल नेटच्या वर दोन हात जाऊ दे". "खांद्यातून मार" याऐवजी "बेसलाइनजवळच्या (म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळच्या) त्या खडूच्या चौकोनात टाक". मी अशी वीस वाक्यं वहीत जोडीजोडीनं लिहिली, डावीकडं जुनं वाक्य, उजवीकडं नवं. तुम्ही तुमची लिहा. माझी तुमच्या तोंडात बसणार नाहीत.

तिसरा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पन्नास फोरहँड, मग पन्नास बॅकहँड, असा सराव बघायला फार छान दिसतो. पालकही खूश होतात. पण शिया आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आहे. एकच हालचाल सलग केली तर सरावात कामगिरी चांगली दिसते, पण काही दिवसांनी तपासलं तर मिसळून सराव केलेले बहुतेक वेळा पुढं असतात. म्हणजे जो सराव गचाळ दिसतो, त्यातच शिकणं जास्त होतं. अगदी नवख्या मुलांना मी अजून सलगच देतो. बाकीच्यांना मिसळून. आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकतो, "महिनाभर तुम्हाला वाटेल की पोरगं बिघडलंय." एका आजोबांनी तरीही नातवाला दुसरीकडं नेलं. चालायचंच.

आता कोर्स

नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, "एनआयएस झालंय का?" पतियाळाची ही राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे. शाळा, कॉलेज किंवा सरकारी नोकरी हवी असेल तर तिचा डिप्लोमा बघा. पण त्यासाठी घर सोडून राहावं लागतं. ज्याचं पोट रोजच्या बॅचवर आहे त्याला ते जमेलच असं नाही, मला जमलं नाही.

दुसरी वाट आयटीएफच्या शिडीची. सुरुवातीला 'प्ले टेनिस', मग लेव्हल वन, त्यात नवशिक्या आणि मधल्या दर्जाच्या खेळाडूंना शिकवणं. लेव्हल टू मध्ये वरच्या दर्जाचे खेळाडू, आणि लेव्हल थ्री थेट उच्च स्पर्धेच्या तयारीसाठी. आपल्याकडं हे कोर्स अखिल भारतीय टेनिस संघटनेमार्फत होतात, त्यामुळं तिच्या आणि राज्य संघटनेच्या सूचनांवर नजर ठेवा. कोर्समध्ये लेखी परीक्षा असते, परीक्षकांसमोर शिकवून दाखवावं लागतं आणि तुमचा स्वतःचा खेळही बघतात.

इथं मार्करचं पारडं जड असतं. आम्ही वीस वर्षं दुसऱ्याच्या रॅकेटवर बॉल देत आलोय, फीडिंग झोपेत करू. आम्ही आपटतो ते शिकवून दाखवताना. पहिल्या वेळी मला सेकंड सर्व्ह, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी सर्व्ह, समजावून सांगायची होती. मी दहा मिनिटं बोललो, बेल वाजली, समोरच्या चौघांनी एकही सर्व्ह मारली नव्हती. म्हणून आधी दीड महिना घरच्या बॅचवर घड्याळ लावून तालीम करा. समजावणं तीस सेकंद, दाखवणं दोनदा, मग मुलं खेळायला. परीक्षेच्या दिवशी ते आपोआप येतं.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते, तोंडानं कुणी कबूल करत नाही. लेखी पेपरात फिरून फिरून तेच साठ-सत्तर शब्द येतात. माझ्या बॅचमधल्या नववीतल्या एका मुलीनं माझ्याकडून ते रोज पाच, असे पाठ करून घेतले आणि चुकलो की मलाच कोर्टाला एक फेरी मारायला लावली. आयटीएफ अकादमीवर ऑनलाइन छोटे कोर्स आहेत, काही फुकट आहेत. तिथं खातं काढा आणि प्रत्यक्ष कोर्सआधी तेवढे पुरे करा. शब्द कानावरून गेलेले असतात.

एखादी खासगी अकादमी दोन दिवसांत प्रमाणपत्र देते म्हणाली तर एवढंच विचारा: परीक्षा आहे का, आणि मागच्या वेळी किती जण नापास झाले? कुणीच नापास होत नसेल तर ती सहल आहे. सहलीलाही जावं, पण सहलीच्या खर्चात.

जे टेनिस नाही, पण यायलाच हवं

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या, आणि ते हातानं करून शिका, व्हिडिओ बघून नव्हे. एप्रिलमध्ये दुपारी चारची बॅच घेणाऱ्यानं उष्माघाताची लक्षणं पाठ केलेली असावीत.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. "क्लबाचं नाव जाईल" हे कारण चालत नाही. स्वतःपुरते नियमही ठरवा. मुलाला एकटं गाडीवर घरी सोडायचं नाही, रात्री मुलांना खासगी मेसेज नाही, ग्रिप दाखवताना हात लावायचा तर आधी विचारायचं.

राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणारं मूल असेल तर उत्तेजकांची बंदी यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते, हे लक्षात असू द्या. खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नियमांचंही तसंच. १ जानेवारी २०२५ पासून आयटीएफच्या नियमांत कोर्टाबाहेरून कोचिंगला मुभा मिळाली, पण ती प्रत्येक स्पर्धेत असेलच असं नाही. माहितीपत्रक वाचा, नाहीतर तुमच्या हातवाऱ्यांची ताकीद पोराला मिळेल.

आणि क्लबाच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी मुलांची उंची पेन्सिलनं मांडा. मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या वर्षी झपाट्यानं वाढतात. रेघांमधलं अंतर अचानक वाढलं की मी सर्व्हची संख्या कमी करतो. गुडघा किंवा पाठ दुखते म्हणालं की थेट डॉक्टर, "चल, दोन फेऱ्या मार, बरं वाटेल" नाही. हे वाक्य मी पूर्वी म्हटलेलं आहे.

दुसऱ्याचं बघायला जा

पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा भरते. मी जातो, पण सामने कमी बघतो. सकाळी लवकर जाऊन सरावाची कोर्टं बघतो. परदेशी कोच दोन बॉलच्या मधे किती वेळ गप्प राहतो, बाटली कधी देतो, कुठं उभा राहतो, एवढंच लिहितो.

खरा धडा मात्र घराजवळच्या तालमीत मिळाला. वस्ताद कट्ट्यावर बसलेले. पंधरा मिनिटं एक अक्षर नाही. मग एका पोराला हाक मारून दोनच शब्द: "पाय. मागं." पोरानं पाय मागं घेतला आणि डाव लागला. मी तिथंच वही काढली. वस्ताद म्हणाले, "काय हिशोब लिहिताय का?" एका परीनं हिशोबच होता.

पैशाचं म्हणाल तर गटिंगच्या प्रत्येक रॅकेटमागं मी वीस रुपये डब्यात टाकतो. डबा फडताळात वर ठेवलाय, हात सहज पोचू नये म्हणून.

यंदाचा प्रश्न मे महिन्यातच ठरला. तेरा वर्षांची एक मुलगी सरावात दहापैकी आठ सेकंड सर्व्ह आत टाकते, आणि मॅचमध्ये ३०-४० झालं, म्हणजे एक पॉइंट गेला की गेम जाणार अशी वेळ आली, की डबल फॉल्ट, दोन्ही सर्व्ह चुकतात. फोन बांधला, तिसऱ्या दिवसाचं बघितलं. मी तिला एका जागी उभी करून वीस सर्व्ह सलग मारायला लावत होतो. मॅचमध्ये वीस सलग कधी येतात? ऑक्टोबरपासून तिला दोनच सर्व्ह द्यायच्या, मग रॅली, मग धाप लागलेली असताना पुन्हा दोन. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तेवढंच लिहून ठेवलंय. बाहेर पाऊस चालू आहे.