तुकाराम ओंबळे यांची गोष्ट वर्गात कशी सांगावी

मी नाशिक पोलिसांतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची अकरा वर्षं कोर्ट पैरवीला काढली. म्हणजे सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात रोज साक्षीदार हजर ठेवायचे, समन्स-वॉरंटांचा हिशेब सांभाळायचा, मुद्देमाल वेळेवर कोर्टापुढे न्यायचा. आता दर नोव्हेंबरात पंचवटीतल्या, सातपूरच्या शाळांतून बोलावणं येतं, ‘ताई, सव्वीस-अकराबद्दल मुलांना सांगा.’ म्हणजे २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर झालेला अतिरेकी हल्ला. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट तीन वाक्यांत उरकलेली ऐकते. मुंबई पोलिसांतल्या ओंबळ्यांनी हल्लेखोर कसाबला धरलं, कसाबला फाशी झाली, टाळ्या. मधली चार वर्षं कुठे गेली? ती चार वर्षं मुलांना दाखवता यावीत म्हणून मी एक पद्धत बसवली आहे. शिक्षकांनी, पालकांनी खुशाल वापरावी.

लागणारं सामान थोडं आहे. पाच फुटांची एक लाठी, अकरा मीटर पांढरी नवार, लाल कापडाच्या सहा चिंध्या आणि सुईदोरा. नवार भद्रकालीत मिळते, खाटेला विणतात तीच. दोरी घेऊ नका. पहिल्या वर्षी मी सुतळी नेली होती. फाशीचा विषय निघाला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने सुतळीचा फास करून शेजाऱ्याच्या गळ्यात घातला. तास तिथेच संपवला. नवारीचा फास कुणी करत नाही.

नवारीवर एक महिना म्हणजे एक वीत धरा. स्वतःच्या विताने मोजा, फूटपट्टी नको, कारण मुलांनाही नंतर वितानेच मोजायचं आहे. एका टोकाला पहिली चिंधी शिवा. तिथून साधारण पाच विती सोडून दुसरी, सतरा वितींवर तिसरी, सत्तावीसवर चौथी, पंचेचाळीसवर पाचवी आणि अठ्ठेचाळीसला, म्हणजे दुसऱ्या टोकाला, सहावी.

वर्ग आठवीच्या खालचा असेल तर हे करू नका. एकदा पाचवीच्या वर्गाला मी सगळं सांगितलं. त्या वर्गात एका अंमलदाराची मुलगी होती, हे मला ठाऊक नव्हतं. रात्री तिने बापाला ड्युटीवर जाऊ दिलं नाही, दाराला पाठ लावून बसली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, पण जे बोलून झालं होतं ते परत घेता येत नव्हतं. तेव्हापासून वर्गशिक्षकांना आधी विचारते, पोलिसांची मुलं कोणकोणती? त्यांच्याशी तासाच्या आधी दोन मिनिटं वेगळी बोलते.

सुरुवात नावाने करा. ओंबळे. फळ्यावर लिहा, कारण मुलं ‘ओंबाळे’ लिहितात. तुकाराम गोपाळ ओंबळे, सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी लष्करात, मग १९९१ पासून मुंबई पोलिसांत. नेमणूक डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याला, हुद्दा सहायक फौजदार. इथे थोडं थांबून हुद्दा समजावून सांगा. हवालदाराच्या वर, फौजदाराच्या खाली. त्र्यंबक रोडवरच्या पोलीस प्रबोधिनीतून जे तरुण फौजदार होऊन बाहेर पडतात त्यांची दिमाखदार संचलनं नाशिकच्या मुलांनी पाहिलेली असतात. सहायक फौजदाराचं तसं नसतं. तो बहुधा शिपायापासून एकेक पायरी चढत, केस पिकल्यावर तिथे पोचतो. मीही त्याच हुद्द्यावर होते, म्हणून हे सांगताना माझा आवाज बदलतो. बदलू देते.

मग लाठी एका मुलाच्या हातात द्या. ती कशी लागते, किती जड आहे, त्यालाच सांगू द्या. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत ओंबळ्यांच्या हातात लाठी आणि वॉकीटॉकी होती. कसाब आणि त्याचा साथीदार सीएसएमटी स्थानकात आणि कामा रुग्णालयाजवळ माणसं मारून, पळवलेल्या स्कोडा गाडीतून तिकडे आले. नाकाबंदी दिसताच गाडी अलीकडेच थांबली, वळायला गेली आणि दुभाजकाला धडकली. गाडी चालवणारा साथीदार गोळीबारात मेला. कसाबने एके-४७ काढली, आणि ओंबळ्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या. नळी सुटली नाही. तेवढ्या अवधीत बाकीच्या पोलिसांनी कसाबला काबूत घेतलं.

हे एवढंच, आणि सावकाश सांगा. गोळ्यांचा आकडा नको, रक्त नको, फोटो नको, मुलांकडून नाटक तर अजिबात नको. तारीख मात्र नीट सांगा. मध्यरात्र उलटली होती, म्हणजे ओंबळे गेले ते २७ नोव्हेंबर २००८ ला.

आता पहिली चिंधी एका मुलाच्या हातात द्या आणि त्याला बजावा, तास संपेपर्यंत ही सोडायची नाही. पुढची प्रत्येक चिंधी, तिची तारीख आली की, वेगळ्या मुलाच्या हातात द्या. हल्लेखोर दहा होते. नऊ मेले, एक जिवंत हाती लागला. त्याला जिवंत धरलं म्हणून तर पुढची सगळी नवार आहे. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही.

दुसरी चिंधी ६ मे २००९ ची. आर्थर रोड तुरुंगात उभारलेल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांच्यापुढे आरोप निश्चित झाले. इथे मुलांना विचारा, अख्ख्या जगाने स्टेशनातला त्याचा फोटो पाहिला होता, मग आरोपीला वकील कशाला? या प्रश्नाला पाच मिनिटं द्या, घाई नको. माझ्या नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. पंच फुटला, मुद्देमालाच्या सीलवर सही नव्हती, की डोळ्यांदेखत झालेला गुन्हासुद्धा कोर्टात उभा राहत नाही. बचावाचा वकील एकेक कागद हलवून बघतो. हलवूनही जो टिकतो तो पुरावा. कसाबने जुलै २००९ मध्ये भर कोर्टात कबुली दिली आणि डिसेंबरात ती फिरवली. कोर्टाने तरीही साक्षीपुरावा शेवटपर्यंत ऐकला.

तिसरी चिंधी मे २०१० ची. ३ मे ला दोषी ठरला, ६ मे ला फाशीची शिक्षा. नवारीवर या दोन तारखांत जेमतेम बोटभर अंतर पडतं. त्याच ३ मे ला पुरावा पुरेसा नाही म्हणून दोन भारतीय सहआरोपी निर्दोष सुटले. ही गोष्ट गाळून टाकण्याचा मोह होतो, वर्गात कुरबूरही होते. तरी सांगा. ज्या कोर्टाने दोघांना सोडलं त्याच कोर्टाने तिसऱ्याला फाशी दिली, म्हणून त्या फाशीच्या निकालाला वजन आहे.

चौथी चिंधी २१ फेब्रुवारी २०११. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही, हे मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. पाचवी २९ ऑगस्ट २०१२, सर्वोच्च न्यायालय. चौथी आणि पाचवी धरणारी मुलं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात ते वर्गाला नुसतं बघू द्या. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द इथे समजावून सांगा. १९८० च्या बच्चन सिंग खटल्यापासून आपल्याकडे फाशी हा अपवाद आणि जन्मठेप हा नियम आहे. कायद्याची आवड असलेल्या मुलांना हेही सांगा की खुनाचं जुनं कलम ३०२ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १०३ झालं.

शेवटच्या तीन वितींत दयेचा अर्ज. राष्ट्रपतींनी तो ५ नोव्हेंबर २०१२ ला फेटाळला आणि २१ नोव्हेंबरला सकाळी साडेसात वाजता पुण्यात येरवडा तुरुंगात फाशी झाली. सहावी चिंधी. हा भाग एका दमात सांगून संपवा, रंगवू नका.

प्रश्न ठरलेले येतात. ‘आपल्या नाशिकरोडच्या जेलमध्ये का नाही दिली?’ महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच तुरुंगांत आहे. ‘त्याला बिर्याणी देत होते ना?’ नाही. ती गोष्ट आपण रचली होती, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये सांगितलं.

आणि कान्हेरे मैदानावर क्रिकेट खेळणारं एखादं पोर विचारतंच, ‘अनंत कान्हेरेंनीही अधिकाऱ्याला मारलं, त्यांनाही फाशी झाली. मग ते हुतात्मा कसे?’ प्रश्न टाळू नका. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. जॅक्सन परक्या सत्तेचा अधिकारी होता आणि ज्या कायद्याने ही पोरं लटकली तो करताना त्यांच्या देशाला कुणी विचारलं नव्हतं. कसाबने गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. या दोन गोष्टी मी एका तराजूत घालत नाही आणि तसं स्पष्ट सांगते. पण नवारीवर चार विती मोजून दाखवते. परक्या सरकारने त्या तिघांना एवढाच वेळ दिला. मग मुलं स्वतःच उरलेल्या चव्वेचाळीस वितींकडे बघतात.

शेवटची पाच मिनिटं पुन्हा ओंबळ्यांची. २६ जानेवारी २००९ ला मरणोत्तर अशोकचक्र, शांतताकाळातला सर्वोच्च शौर्यसन्मान. ज्या चौपाटीवर ते पडले तिथे त्यांचा पुतळा आहे. आणि २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला अभ्यासकांनी त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. मुलांचे चेहरे इथे खुलतात. त्या पाचवीतल्या मुलीलाही मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन हेच सांगायला हवं होतं, पण तेव्हा तो कोळी सापडायचा होता.

मग नवार गुंडाळा, सहाव्या चिंधीच्या टोकाकडून. एकेक मूल सोडत जातं. पहिली चिंधी धरणारा पोरगा तोवर उभाच असतो, हात दुखले तरी. त्याच्या हातातून ती सगळ्यात शेवटी घ्या.