इंग्रजी शब्दाची जात ओळखायची कशी?

इंग्रजीत शब्दांच्या जाती आठ, मराठीतही आठच. 'नाउन, प्रोनाउन, व्हर्ब' घडाघडा म्हणणारी मुलं वाक्य समोर आलं की अडतात, कारण जात शब्दावर कायमची लिहिलेली नसते. वाक्यात तो काय काम करतो त्यावर ती ठरते.

रावेर-यावल पट्ट्यात शोभेल असं वाक्य घ्या : 'द फार्मर वॉटर्स द यंग बनाना प्लँट्स डेली.'

आधी क्रियापद पकडा. वाक्य कालचं करून पाहा, जो शब्द बदलेल तो क्रियापद. इथे 'वॉटर्ड' झालं. वॉटर म्हणजे पाणी, म्हणून नामच, असं धरून बसलात तर पहिल्याच पायरीला फसाल. मग विचारा, पाणी कोण देतो? फार्मर. कशाला? प्लँट्सना. ही नामं. त्यांच्या जागी 'ही' आणि 'देम' घातलं की ती सर्वनामं.

खरी गंमत 'यंग बनाना प्लँट्स'मध्ये आहे. दोन्ही शब्द रोपांविषयीच सांगतात, मग दोन्ही विशेषणं का? दोघांआधी 'व्हेरी' लावा. 'व्हेरी यंग' चालतं, 'व्हेरी बनाना' ऐकून वर्ग हसेल. बनाना हे नामच, दुसऱ्या नामाला खेटून उभं. मात्र ही कसोटी सगळीकडे लागत नाही : 'डेली न्यूजपेपर'मधलं डेली विशेषण आहे, तरी 'व्हेरी डेली' कुणी म्हणत नाही. आपल्या वाक्यातलं डेली पाणी कधी देतो ते सांगतं, म्हणून क्रियाविशेषण. शेवटी 'ली' दिसलं की क्रियाविशेषण, हा नियम विसरा. 'फ्रेंडली' विशेषण आहे.

'द'ला जुनी पुस्तकं विशेषणांत बसवतात, नवी 'डिटर्मिनर' म्हणतात. परीक्षेत आपल्या पुस्तकाप्रमाणे लिहावं.

सरावाला 'फास्ट' उत्तम. भुसावळला थांबणारी 'फास्ट ट्रेन' : विशेषण. ती 'रन्स फास्ट' : क्रियाविशेषण. आजी एकादशीला 'फास्ट्स' : क्रियापद.

'अँड', 'बट' जोडतात, 'हुर्रे' उद्गार काढतं. तिथे फार डोकं लावायला नको. घोळ होतो प्रेपोझिशनचा, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययासारख्या शब्दाचा. आपण 'स्टेशनजवळ' म्हणतो, जवळ मागून येतं. इंग्रजीत 'निअर द स्टेशन', निअर आधी. म्हणून अशा शब्दाच्या पुढे नाम किंवा सर्वनाम आहे का ते बघा. 'इन द शेड'मध्ये आहे, तेव्हा इन प्रेपोझिशन. 'कम इन'मध्ये पुढे काहीच नाही, तिथे तेच इन क्रियाविशेषण.