दम्याचा पंप घेऊनही श्वासातली शिटी थांबत नाही? फुंकायच्या तपासणीला असं जा

छातीच्या दवाखान्यात मी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायची तपासणी, करते. गोव्यातल्या डिचोली-साखळीकडचे लोक येतात ते "खाणीच्या धुळीनं दमा झाला" असं ठरवूनच. बहुतेकांना असतोही दमाच. पण क्वचित कुणाच्या श्वासनलिकेत गाठ वाढत असते, आणि तो बिचारा दम्याचा पंप ओढत वर्षं काढतो.

दम्याला चढउतार असतो. पावसाळ्यात घरात बुरशी धरली की वाढेल, मग चार दिवस बरं वाटेल. गाठीची धाप अशी उतरत नाही, हळूहळू वाढतच जाते. श्वासनलिकेची आतली रुंदी साधारण ८ मिलिमीटरवर आली की चढणीला धाप लागते. ५ च्या आसपास बसल्या जागीही. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सूज कमी होऊन काही दिवस बरं वाटू शकतं. तेवढ्यावर दमाच आहे असं मानू नका.

येण्याआधी घरच्यांना शिटीचा आवाज मोबाईलवर टिपायला सांगा. श्वास आत घेताना येतो की सोडताना, हे फार महत्त्वाचं. आत घेताना गळ्याशी घरघर, आडवं झाल्यावर त्रास, थुंकीत रक्त, एकाच बाजूला पुन्हापुन्हा न्यूमोनिया: यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. तपासणीआधी पंप किती तास थांबवायचा तेही त्यांनाच विचारा. धाप लागली तर मात्र लगेच घ्या, आणि मनानं कायमचा बंद करू नका.

आता माझ्या कामाचं. पुष्कळदा नुसतं फुंकून घेतात आणि तपासणी संपते. तुम्ही म्हणा, "ताई, जोरात आत ओढायचंही करून घ्या." यंत्र श्वासाच्या वेगाचा आलेख काढतं. दम्यात त्याची खालची, आत ओढण्याची रेघ सहसा गोलाईदार राहते, बिघाड वरच्या, सोडण्याच्या रेघेत दिसतो. नळी एका जागी कायमची आवळलेली असेल तर दोन्हीकडून आलेख सपाट होतो, पेटीसारखा. नुसत्या फुंकण्यात हा आकार निम्माच कळतो. पंपाचं औषध दिल्यानंतर पहिल्या सेकंदात फुंकलेल्या हवेचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनं वाढला तर कल दम्याकडे. मुळीच हलला नाही तर डॉक्टरांना पुढचं विचारा.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून थांबू नका, श्वासनलिकेतली गाठ त्यात सहज सुटते. मानेचा-छातीचा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी लागेल का, हे स्पष्ट विचारा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना जुने एक्स-रे, आलेख आणि पंप सोबत न्या. बसल्या जागी श्वास घेताना घरघर होऊन बोलता येईना, तर तपासणीची तारीख बघत बसू नका, १०८ ला फोन करा.