मुलाला पाचारण ऐकू यावं म्हणून घरी काय करायचं

फादर, ब्रदर किंवा सिस्टर होण्याचं पाचारण, म्हणजे देवाची हाक, आईवडील देऊ शकत नाहीत. ते आलं तर मुलाला ऐकू यावं, एवढंच घराच्या हातात आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम 1026 इथे दोन्हीकडून लगाम घालतं: धर्मगुरू होण्यासाठी कोणावर सक्ती करता येत नाही आणि योग्य माणसाला अडवताही येत नाही.

रोझरीपासून, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेपासून सुरुवात करा, पण वयाकडे बघून. तिच्या पाच रहस्यांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांना, पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच-सहा वर्षांचं मूल दुसऱ्या रहस्यालाच पेंगायला लागतं, मग त्याच्या डोक्यात प्रार्थना म्हणजे ओरडा खाणं असंच बसतं. त्याच्यासाठी एकच रहस्य ठेवा आणि ते त्यालाच चालवू द्या. दहा मणी, चार मिनिटं, टीव्ही बंद. वडील समोर बसलेले हवेत. आई आणि आजीनेच प्रार्थना करायची, हे मुलगे फार लवकर टिपतात.

प्रथम ख्रिस्तप्रसाद (पहिलं कम्युनियन) झाला की मुलाला वेदीसेवक, म्हणजे वेदीवर फादरांना मदत करणारा, व्हायचं का, ते विचारा. हो म्हणाला तर मिस्साच्या पंधरा मिनिटं आधी त्याला सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत) पोहोचवणं हे तुमचं काम. उशीर होऊन फादर रागावले की दोन-तीन वेळांत मूल सोडून देतं.

सगळ्यात जास्त नुकसान रविवारच्या जेवणावर होतं. प्रवचन किती लांबलं, फादरांनी कोणाला झुकतं माप दिलं, हे ताटावर दर रविवारी चघळायचं आणि मग मुलाने त्याच वाटेने जावं अशी अपेक्षा धरायची, हे जमणारं नाही. तक्रार असेल तर फादरांशीच बोला. त्यांना वर्षातून दोनदा घरी जेवायला बोलवा आणि मुलांना विचारू द्या: दिवसभर काय करता, एकटं वाटत नाही का, पगार मिळतो का? यातला शेवटचा प्रश्न हमखास येतो. धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या भागातले, फादर बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतात आणि ब्रह्मचर्य पाळतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. जेज्विट, फ्रान्सिस्कन अशा संन्यस्त संघांतले फादर, ब्रदर, सिस्टर आज्ञापालन, ब्रह्मचर्य आणि दारिद्र्य अशी तिन्ही व्रतं घेतात.

ब्रदर व्रतं घेतो, पण धर्मगुरू नसतो. तो म्हणजे फादर होता न आलेला माणूस, हा गैरसमजही काढा. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानात जेज्विटांसोबत राहिले, पुढे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. 1597 मध्ये नागासाकीत हुतात्मा झाले तेव्हाही ते ब्रदरच होते.

मूल स्वतःहून बोललं तर ऐका, आणि तिथेच थांबा. नातेवाइकांच्या लग्नात "हा आमचा फादर होणार" असं जाहीर करू नका. पुढे मन बदललं तर त्याला माघार घेता येत नाही. "एकुलता एक आहे, वंशाचं काय?" हेही त्याच्यासमोर नको. मुलींच्या बाबतीत "सिस्टर व्हायचंय" हे बहुतेक घरांत हसण्यावारी नेलं जातं. तसं करू नका.

पाचारण शिबिराला पाठवण्याआधी सोबत कोण आहे, झोपायची सोय कुठे, घरी फोन करता येईल का, हे विचारा. विचारायला संकोच नको. नीट उत्तर मिळालं नाही तर पाठवू नका.

कुठल्याही संघात सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या उमेदवारीच्या काळात, घेत नाहीत. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, त्यानंतरची पहिली व्रतं तीन ते सहा वर्षांसाठी, आजन्म व्रतं एकवीसच्या आधी नाहीत. फादर होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) मिळून किमान सहा वर्षं अभ्यास आणि वयाची पंचवीस पूर्ण. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले लागतातच. जुने घरात शोधत बसू नका, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयातून नवे काढा.

सेमिनरीतून, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणसंस्थेतून, कोणी मध्येच परत येतं. पारख करण्यासाठीच ती वर्षं असतात. त्याची खोली भावंडांत वाटून टाकू नका, आणि परत आल्यावर पहिला महिना कारण विचारू नका.